परदेशाचा दबाव कसा काम करतो, आणि आपण भांडतो कशावरून

भारतीय वेळेनुसार २७ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे १२ वाजून १ मिनिट झाले. त्या मिनिटाला बऱ्याचशा भारतीय मालावरचं अमेरिकेचं जादा आयातशुल्क २५ वरून ५० टक्क्यांवर गेलं. त्याआधीचे तीन आठवडे ठाणे-वाशी लोकलपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच वाद रंगला होता, रशियन तेलाच्या मुद्द्यावर भारत झुकणार की नाही. न्हावा-शेवा बंदरातून माल पाठवणाऱ्यांना मात्र वेगळीच घाई होती. कंटेनर जहाजावर चढला का? आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की त्या मिनिटाच्या आधी जहाजावर चढून वाटेला लागलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकी कस्टममधून सुटलेला माल वाढीव शुल्कातून वगळला जाईल. माल तळोज्याच्या कारखान्यातून कधी निघाला, यार्डात किती दिवस पडून राहिला, याला काहीच किंमत नव्हती. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, जहाजावर चढवल्याची जी तारीख पडते, तिच्यावर सगळा हिशोब.

हे शुल्क भरतं कोण, यावरही खूप गोंधळ झाला. सरकारी तिजोरीत पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. भारत सरकार भरत नाही आणि इथला कारखानदारही थेट भरत नाही. पण आयातदार लगेच फोन करतो आणि अर्धा भार तुम्ही उचला म्हणतो, नाहीतर पुढची ऑर्डर इक्वेडोरला किंवा व्हिएतनामला जाते. तळोजा एमआयडीसीतल्या कोळंबी निर्यातदारांना हा फटका बसला, कारण कोळंबीवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे माल फार स्वस्तात विकल्याच्या आरोपावरून लागणारं शुल्क, आधीपासून होतंच, त्यावर हे आलं. औषधं आणि मोबाइल फोन तेव्हा आदेशातून वगळलेले होते, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यांवर त्या दिवशी ते शुल्क लागलं नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन गेटांवर 'अमेरिकेचा दबाव' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी पोचला.

परराष्ट्र धोरणावर मत बनवायचं तर सुरुवात इथून करावी, असं आमचं ठाम म्हणणं आहे. दबावाला तीन अवयव असतात: मागणी, किंमत आणि तारीख. अमुक करा, न केल्यास अमुक तोटा होईल, आणि तो या दिवसापासून. तिन्ही असतील तर तो दबाव. नुसती मागणी असेल तर ती टीका किंवा सल्ला. आपल्याकडचे निम्मे वाद टीकेला दबाव समजल्यामुळे होतात आणि उरलेले दबावाला नुसती टीका समजल्यामुळे.

ऑगस्टच्या शुल्कात हे तिन्ही होते. रशियन तेलाची खरेदी थांबवा ही मागणी, जादा २५ टक्के ही किंमत आणि सहीपासून २१ दिवस ही मुदत. रशियाच्या कच्च्या तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे, त्याच्यावर या कारणासाठी असं शुल्क लागलं नाही. यात न्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. दुर्मीळ खनिजांचा पुरवठा रोखून चीन अमेरिकी कारखाने अडवू शकत होता. भारताकडे त्या वेळी तेवढी अडवणूक करायची जागा नव्हती आणि २०२४ मध्ये अमेरिकेने भारताकडून सुमारे ८७ अब्ज डॉलरचा माल घेतलेला होता. दबाव टाकणारा समोरच्याची चूक किती मोठी हे बघत नाही, हात कुठे पोचतो ते बघतो.

दूतावासांच्या पायऱ्या

शुल्क आणि निर्बंध ही शेवटची हत्यारं. त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात आणि बातमी कुठल्या पायरीची आहे हे कळलं तर अर्धं काम होतं.

सर्वांत खालची पायरी म्हणजे प्रवक्त्याचं वाक्य. त्यातही दोन प्रकार. वार्ताहराने विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर वेगळं आणि कुणी न विचारता काढलेलं निवेदन वेगळं. 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत' हे वाक्य अमेरिकी प्रवक्ते जगातल्या जवळपास कुठल्याही देशाबद्दल विचारलं तरी म्हणतात. आपल्याकडे मात्र संध्याकाळपर्यंत त्याची 'अमेरिकेने भारताला सुनावलं' अशी पट्टी फिरायला लागते.

त्यावर लेखी टिपण येतं. ते तृतीयपुरुषी असतं आणि 'परराष्ट्र मंत्रालय दूतावासाला सादर अभिवादन करते व कळवू इच्छिते की' अशा थाटात सुरू होतं. आतला मजकूर कितीही कडू असला तरी सुरुवातीचं अभिवादन सुटत नाही. त्याच्या जोडीला येतं ते मंत्रालयात बोलावून घेणं. इथे कुणाला बोलावलं आणि कुणी बोलावलं, दोन्ही बघायचं. राजदूताला परराष्ट्र सचिवांनी बोलावलं तर गोष्ट गंभीर. दूतावासातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला सहसचिवांनी बोलावलं तर निषेध नोंदवायचा आहे, पण दार उघडं ठेवायचं आहे.

मार्च २०२४ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या अटकेनंतर जर्मनीने आणि मग अमेरिकेने न्याय्य प्रक्रियेबद्दल वक्तव्यं केली. २३ मार्चला जर्मनीच्या आणि २७ मार्चला अमेरिकेच्या उपप्रमुख दर्जाच्या अधिकाऱ्यांना दिल्लीत बोलावण्यात आलं. अमेरिकी अधिकाऱ्याची भेट सुमारे ४० मिनिटं चालली. त्यानंतर जर्मनीने सूर खाली आणला आणि अमेरिकेने आधीचंच वाक्य पुन्हा म्हटलं, वर काँग्रेस पक्षाच्या गोठवलेल्या बँक खात्यांचाही उल्लेख केला. पायरी तीच, परिणाम वेगळे. आणि केजरीवालांच्या खटल्यावर दोन्हींचा परिणाम शून्य, कारण त्या वक्तव्यांमागे किंमतही नव्हती आणि तारीखही.

मुत्सद्द्यांना बाहेर काढणं ही त्याच्या वरची पायरी. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या नवव्या कलमानुसार यजमान देश कुठल्याही मुत्सद्द्याला कारण न देता 'नको असलेली व्यक्ती' ठरवू शकतो. कारण मागण्याची सोयच नाही. त्याच कराराच्या ४१ व्या कलमात मुत्सद्द्यांनी यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये असं बंधन आहे. आपलं मंत्रालय 'अंतर्गत बाब' म्हणतं त्याला हा आधार असतो. मात्र हे बंधन दूतावासातल्या माणसांवर आहे. परदेशातलं वर्तमानपत्र, तिथला खासदार किंवा गायिका यांना ते लागू नाही, आणि मंत्रालयाने त्यांच्या ट्विटला उत्तर द्यायला निवेदन काढलं की समोरच्याचं वजन फुकट वाढतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी गायिका रिहानाच्या ट्विटवरून तसंच झालं.

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत आरोप केला की खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येमागे भारताचा हात आहे. दोन्ही देशांनी एकेक अधिकारी काढला आणि भारताने कॅनडाच्या अधिकाऱ्याला पाच दिवस दिले. पुढची चाल जास्त जोरकस होती. दोन्हीकडे मुत्सद्दी सारख्याच संख्येने हवेत, असं भारताने सांगितलं आणि कॅनडाला ६२ पैकी ४१ जण परत न्यावे लागले. त्याची झळ ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांनाही लागली. मुंबईतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासातली प्रत्यक्ष कामं थांबली आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे भारतातले कर्मचारी २७ वरून ५ झाले. पासपोर्ट गोळा करणारी केंद्रं तिसऱ्या कंपनीची असल्यामुळे चालू होती. त्यामुळे अर्ज स्वीकारले जात होते आणि निर्णय मात्र लांबत होते. 'व्हिसा बंद झाले' असं सांगून ज्यांनी मुलांना अर्जच करू दिला नाही त्यांनी नुकसान करून घेतलं. भारताने कॅनडात आपली व्हिसा सेवा थांबवली होती. कॅनडाने भारतीयांचे व्हिसा बंद केलेले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सहा-सहा मुत्सद्दी गेले, आणि जून २०२५ मध्ये कॅनडातल्या कनानास्किसच्या भेटीत दोन्ही पंतप्रधानांनी उच्चायुक्त परत नेमायचं ठरवलं. रागाची भाषा दोन वर्षं टिकली. व्यापार आणि विद्यार्थी त्या काळातही थांबले नव्हते.

ज्या बातम्यांना दात नसतात

८ मार्च २०२१ ला ब्रिटिश संसदेत भारतातल्या शेतकरी आंदोलनावर चर्चा झाली. ब्रिटनमध्ये एक लाख सह्यांचा ऑनलाइन अर्ज झाला की त्याचा चर्चेसाठी विचार करावा लागतो. ती चर्चा मुख्य सभागृहात न होता वेस्टमिन्स्टर हॉल नावाच्या बाजूच्या दालनात झाली, दीडेक तास चालली आणि शेवटी मतदान झालं नाही. भारताने दुसऱ्या दिवशी ब्रिटिश उच्चायुक्तांना बोलावलं. इथे मात्र एका बाजूला 'ब्रिटिश संसदेने भारताविरुद्ध ठराव केला' म्हणून संताप आणि दुसऱ्या बाजूला त्याच कारणासाठी टाळ्या. ठराव झालाच नव्हता.

युरोपियन संसदेने जुलै २०२३ मध्ये मणिपूरवर खरोखर ठराव केला. पण तो सदस्य देशांच्या सरकारांवर बंधनकारक नसतो. अमेरिकेतला धार्मिक स्वातंत्र्य आयोग २०२० पासून दरवर्षी भारताला 'विशेष चिंतेच्या देशांत' टाका अशी शिफारस करत आला. आयोगाचं काम शिफारस करण्यापुरतं, यादीत टाकायचा अधिकार परराष्ट्र खात्याचा, आणि खात्याने ती शिफारस उचलली नाही. संयुक्त राष्ट्रांचे 'विशेष प्रतिवेदक' हे बिनपगारी स्वतंत्र तज्ज्ञ असतात. त्यांचं पत्र म्हणजे 'युनोचा निर्णय' नव्हे. आमसभेचे ठराव सल्लावजा असतात आणि सुरक्षा परिषदेचे निर्णय सदस्य देशांना पाळावे लागतात. एवढा फरक माहीत असला तरी 'युनोने फटकारलं' या मथळ्यातली हवा निघते.

या यादीचा अर्थ असा मुळीच नाही की ती टीका चुकीची असते. दात नसलेल्या टीकेत तथ्य असू शकतं आणि दात असलेला दबाव निव्वळ स्वार्थाचा असू शकतो. तथ्य तपासायचं ते इथल्या कागदांवर, इथल्या कोर्टात, इथल्या माणसांना विचारून. परक्याने म्हटलं म्हणून खरं किंवा परक्याने म्हटलं म्हणून खोटं, ही दोन्ही आळशी मतं आहेत. आणि एक गोष्ट आम्हाला खरोखर टोचते. इथला विरोधक जे बोलतो तेच योगायोगाने बाहेरचा कुणी बोलला की विरोधक लगेच देशद्रोही ठरतो. महागाईवर, अटकेवर किंवा दंगलीवर प्रश्न विचारायचा हक्क नागरिकाचा आहे. तोच प्रश्न लंडनमध्ये कुणी विचारला म्हणून तो हक्क कमी होत नाही.

दात असले की काय होतं याचं उदाहरण जून २०२२ चं. सत्ताधारी भाजपच्या एका प्रवक्त्यांनी टीव्हीवर प्रेषितांबद्दल केलेल्या वक्तव्यावर देशात दहा दिवस तक्रारी चालू होत्या. ५ जूनला कतार, कुवेत आणि इराणने भारतीय राजदूतांना बोलावलं. उपराष्ट्रपती त्याच दिवसांत दोहामध्ये होते. पक्षाने त्याच दिवशी त्या प्रवक्त्यांना निलंबित केलं. आखाती देशांत ८० लाखांहून अधिक भारतीय राहतात, आपला सर्वांत मोठा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) पुरवठादार तेव्हा कतार होता, आणि तिथल्या दुकानांतून भारतीय माल काढल्याचे व्हिडिओ फिरू लागले होते. किंमत कुणी उच्चारली नाही, उच्चारायची गरजच नव्हती. पक्षाचे समर्थक आणि विरोधक दोघांनीही विचारायला हवा होता तो प्रश्न मागे राहिला: घरातल्या माणसांनी दहा दिवस सांगूनही जे झालं नाही, ते बाहेरून ओरड झाल्यावर लगेच का झालं?

खाडीपलीकडचं तुर्भे

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डावीकडे डोंगराच्या पायथ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर लागतो. एखाद्या देशावर दबाव किती काळ टिकतो, कशाने सुटतो आणि घरात त्यावरून सरकार कसं पणाला लागतं, हे समजायला यापेक्षा चांगलं ठिकाण नाही.

तिथली सायरस अणुभट्टी ४० मेगावॉटची, कॅनडाच्या मदतीने उभारलेली, १९६० मध्ये सुरू झालेली आणि २०१० मध्ये बंद झालेली. तिचं जड पाणी अमेरिकेकडून आलं होतं. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम याच भट्टीतलं. कॅनडाने अणुसहकार्य तोडलं आणि पुरवठादार देशांनी एकत्र येऊन अणुइंधन व तंत्रज्ञान कुणाला द्यायचं याचे नियम करणारा गट स्थापन केला. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या कायद्यानुसार निर्बंध लावले, जागतिक बँकेची बिगर-मानवतावादी कर्जं अडली आणि जपानने मदत रोखली. त्या ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी काढलेल्या रिसर्जंट इंडिया बाँडमधून ४.२ अब्ज डॉलर आले. तेव्हाच्या भाषणांपेक्षा या बाँडने जास्त काम केलं. दबावाच्या किमतीचा मोठा भाग दुसरीकडून भरून निघाला की दबाव सैल पडतो.

२२ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेने ते निर्बंध उठवले. पण अमेरिकेच्या व्यापार खात्याची एक वेगळी यादी असते. तिच्यातल्या संस्थेला अमेरिकी माल विकायचा तर विक्रेत्याला परवाना काढावा लागतो, आणि बहुतेक विक्रेते तो काढायच्या भानगडीत न पडता सरळ नकार देतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या यादीत गेलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र तिच्यातून बाहेर आलं ते जानेवारी २०२५ मध्ये. 'निर्बंध उठले' ही बातमी आणि प्रयोगशाळेच्या दारात उपकरण पोचणं, यांत दोन दशकांहून अधिक अंतर पडलं. म्हणून 'उठले' वाचल्यावर कुठले उठले आणि कुठली यादी शिल्लक आहे, हे विचारायचं.

मधल्या काळात भारत-अमेरिका नागरी अणुकरार झाला. १८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन आलं. त्याच सप्टेंबरमध्ये भारताने व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मत दिलं आणि इथे गदारोळ झाला. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेचे राजदूत डेव्हिड मलफर्ड जाहीरपणे बोलले की भारताने पुढच्या मतदानात इराणला विरोध केला नाही तर करार अमेरिकी काँग्रेसमध्ये मरेल. परराष्ट्र सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. ४ फेब्रुवारीला भारताने पुन्हा इराणविरुद्धच मत दिलं. मलफर्ड गप्प राहिले असते तरी मत बहुधा तेच पडलं असतं. बोलल्यामुळे सरकारला ते स्वतःचं मत आहे हे देशाला पटवणं अवघड झालं. अनुभवी मुत्सद्दी दबाव बंद दाराआड ठेवतात तो याच कारणाने. समोरच्याला मान खाली न घालता मान्य करता यावं लागतं.

पुढे डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला आणि २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. ज्या गटाचा जन्म १९७४ च्या चाचणीमुळे झाला, त्यानेच ती दिली. या करारावर डाव्यांचं म्हणणं चूक आणि सरकारचं बरोबर, किंवा उलट, असं एका ओळीत सांगता येत नाही. इराणच्या बाबतीतला दबाव खरा होता आणि इंधनाची कोंडी फुटली हेही खरं. ज्यांना दोन्ही एकदम मान्य करता येत नाही त्यांच्याशी वाद घालताना आवाज चढतो, समज वाढत नाही.

आता आंबा. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं. मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीत आले तेव्हा ते उघडायचं ठरलं आणि एप्रिल २००७ मध्ये पहिला आंबा गेला. अट होती विकिरणाची: किमान ४०० ग्रे मात्रेचा गॅमा किरणांचा मारा, म्हणजे कोयीतला भुंगा आणि फळमाशीची अळी पुढे वाढू शकत नाही. ज्या अणुतंत्रज्ञानासाठी भारत निर्बंधांखाली होता, त्याच तंत्रज्ञानाने हापूसला अमेरिकेत नेलं. सुरुवातीला हे काम लासलगावच्या केंद्रात व्हायचं. आज वाशीत कृषी पणन मंडळाची स्वतःची विकिरण सुविधा आहे.

आणि इथेच दबाव व कागदी चूक यांतला फरक दिसतो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. कारण होतं पीपीक्यू २०३ हा फॉर्म, जो विकिरणाच्या जागी हजर असलेला अमेरिकी कृषी निरीक्षक देतो. तो नीट दिला गेला नाही असा आक्षेप होता. निर्यातदारांपुढे दोनच वाटा होत्या, माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा. पिकलेल्या फळाचं परतीचं विमानभाडं परवडत नाही, त्यामुळे आंबे नष्ट झाले. ते दिवस भारत-पाक संघर्षाचे आणि ट्रम्प यांच्या मध्यस्थीच्या दाव्यांचे होते, त्यामुळे त्यात राजकारण वाचायचा मोह कुणालाही झाला असता. पण मागणी कुठे होती? काहीच मागितलेलं नव्हतं. त्याउलट १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतीय आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली, तेव्हा मागणी स्पष्ट होती: आधीच्या वर्षी २०७ खेपांत कीड सापडली, तपासणी सुधारा. उष्णजल प्रक्रिया आणि काटेकोर तपासणी आल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी मुदतीआधी उठवायचं ठरलं. तेव्हा ज्यांनी याला वसाहतवादी अन्याय म्हटलं त्यांनी शेतकऱ्याचं काही भलं केलं नाही. ज्यांनी पाण्याच्या टाकीचं तापमान ४८ अंशांवर तासभर टिकवून दाखवलं त्यांनी केलं.

बँकेच्या आडून येणारा दबाव

सरकारला हात न लावता कंपनीला हात लावायचा, ही अलीकडची पद्धत. १८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने गुजरातमधल्या नायारा एनर्जीच्या वाडिनार रिफायनरीवर निर्बंध लावले, कारण या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्के भागीदारी आहे. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीची ईमेल सेवा थांबवली. भारतात युरोपचा कायदा चालत नाही, पण सेवा देणाऱ्या कंपन्या जोखीम नको म्हणून कायद्यापेक्षा चार पावलं पुढे जातात. नायारा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत आली.

२२ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकॉइलला काळ्या यादीत टाकलं आणि व्यवहार आवरायला २१ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. घणसोलीत ज्यांचा मोठा कॉर्पोरेट पार्क आहे त्या रिलायन्सने २० नोव्हेंबरपासून जामनगरच्या निर्यातीच्या रिफायनरीत रशियन तेल घेणं थांबवलं. भारत सरकारने कुठलीही बंदी जाहीर केली नव्हती. डॉलरमध्ये पैसे फिरवणारी बँक, जहाजाचा विमा काढणारी कंपनी आणि युरोपातला डिझेलचा ग्राहक, हे तिघे नाही म्हणाले की रिफायनरीला सरकारच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. 'सरकार झुकलं का' हा प्रश्न अशा वेळी अपुरा पडतो. निर्णय कुणी घेतला, हे विचारलं तर उत्तर मिळतं.

भारतही दबाव टाकतो, हे आपण पटकन विसरतो. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची व्यापार सवलत काढली तेव्हा भारताने २८ अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावलं: सफरचंद आणि अक्रोडावर २० टक्के, बदामावर किलोला २० रुपये. पंतप्रधानांच्या जून २०२३ च्या दौऱ्यात जागतिक व्यापार संघटनेतले वाद मिटले आणि ते शुल्क मागे घेतलं गेलं. चार वर्षं वाशीच्या मार्केटमधला बदाम त्या भांडणाचा भाग होता. सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली तेव्हा बांगलादेशाने नाराजी कळवली होती. आपल्यासाठी तो भावाचा प्रश्न होता, त्यांच्यासाठी शेजाऱ्याची दांडगाई.

स्वतःचं मत बनवताना

मूळ कागद शोधा. अमेरिकेचे शुल्काचे आदेश त्यांच्या राजपत्रात पूर्ण छापून येतात, आणि खरी गोष्ट अनेकदा शेवटच्या परिशिष्टात म्हणजे वगळलेल्या वस्तूंच्या यादीत असते. त्यात आपल्या मालाचा एचएस कोड (कस्टममधला वर्गीकरण क्रमांक) टाकून बघायला दहा मिनिटं लागतात. भारताच्या बाजूचं बघायचं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर निवेदनं आणि पत्रकार परिषदांचे शब्दशः वृत्तांत असतात.

निवेदनातलं क्रियापद बघा. 'नोंद घेतली', 'चिंता व्यक्त केली', 'तीव्र आक्षेप नोंदवला', 'फेटाळलं' हे चढत्या क्रमाने येतात आणि मंत्रालय ते निवडून वापरतं. दोन देशांच्या भेटीनंतर दोघांची निवेदनं शेजारी ठेवा. एकात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला मुद्दा हाच वादाचा मुद्दा.

पहिल्या ४८ तासांत मत ठरवू नका. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांचे सुट्टीवर आलेले कर्मचारी मिळेल त्या भाड्याने परतीची विमानं पकडू लागले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ते फक्त नव्या अर्जांसाठी आहे आणि एकदाच भरायचं आहे. ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा होता त्यांना ते लागूच नव्हतं. अशा वेळी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचा मेल येईपर्यंत तिकीट काढू नये आणि घरच्या ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट पुढे ढकलू नये. त्यात आदेशाचा क्रमांक आणि अमलाची तारीख नसेल तर तो उघडूनही उपयोग नाही.